वीस डिसेंबरची दोन मिनिटे

प्रति,
गोव्यातील मराठी संस्थांचे अध्यक्ष, पदाधिकारी व सभासद,
तसेच मराठी राजभाषेच्या चळवळीत वावरलेले ज्येष्ठ कार्यकर्ते

विषय : डिसेंबर १९८६ मधील भाषिक हिंसाचाराचे स्मरण आणि त्याविषयी आपण पाळलेले मौन

आदरणीय ज्येष्ठांनो आणि मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहिण्याचे तात्कालिक कारण लहान आहे. मी ज्या एका मराठी संस्थेची वीस वर्षांहून अधिक काळ सभासद आहे, तिच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी मी यंदा एक लेखी ठराव दिला होता. येत्या २० डिसेंबरला संस्थेच्या सभागृहात १९८६ च्या भाषिक संघर्षाच्या आठवणींची एक संध्याकाळ घ्यावी, तिथे मराठीवादी आणि कोकणीवादी अशा दोन्ही बाजूंच्या ज्येष्ठांना बोलवावे, आणि आरंभी त्या डिसेंबरात जीव गमावलेल्या सात जणांसाठी सर्वांनी दोन मिनिटे उभे राहावे, एवढाच तो ठराव होता. पंधरा दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले : विषय संवेदनशील असल्याने ठराव विषयपत्रिकेवर घेता येत नाही. नंतर जिन्यात भेटलेल्या एका पदाधिकाऱ्यांनी मला आपुलकीने समजावले, ‘‘बाई, ते त्यांचे हुतात्मे. आपण कशाला?’’ संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण हेच उत्तर मला बहुतेक कोणत्याही मराठी संस्थेकडून मिळाले असते असे मला वाटते. पत्र खासगी न राहता खुले झाले ते मात्र त्यांच्या वाक्यातल्या ‘त्यांचे’ या एका शब्दामुळे.

माझी ओळख थोडक्यात करून देते, म्हणजे पुढचे कोण आणि कुठून बोलते आहे याविषयी गैरसमज राहणार नाही. मी मडगावची. वडील मराठी प्राथमिक शाळेत मास्तर होते. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव ज्या मराठी शाळा उघडल्या, त्यांतल्या एका शाळेत ते नोकरीला लागले आणि त्याच पेशातून निवृत्त झाले. मी मराठीत शिकले, मराठीत लिहिते. घरात मात्र आम्ही कोकणीच बोलतो. चवथीला आरत्या मराठीतून म्हणायच्या आणि आरती संपल्यावर नेवऱ्या किती उरल्या याची चौकशी कोकणीतून करायची, यात आमच्यासारख्या हजारो घरांना कधी काही विपरीत वाटले नाही. मराठीला गोव्यात तिचे रास्त स्थान मिळावे, असे मला तेव्हाही वाटत होते आणि आजही वाटते. त्यामुळे हे पत्र मराठीच्या विरोधात आहे असा समज कोणी करून घेऊ नये.

जी पिढी १९८६ नंतर जन्मली तिच्यासाठी थोडा मागोवा घेणे भाग आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी ३४,०२१ मतांच्या फरकाने महाराष्ट्रातले विलीनीकरण नाकारले, पण राजभाषेचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली आणि वादाला नवी धार आली. जुलै १९८५ मध्ये लुईझिन फालेरो यांनी विधानसभेत मांडलेले कोकणी राजभाषेचे खासगी विधेयक फेटाळले गेले. त्यानंतर कोकणी प्रजेचो आवाज ही संघटना उभी राहिली, इकडे मराठी राजभाषा प्रस्थापन समिती उभी राहिली, आणि पुढचे दीड वर्ष मोर्चे, बंद, सभा, पत्रके यांत गेले. डिसेंबर १९८६ मध्ये हे सगळे हाताबाहेर गेले. रस्त्यांवर झाडे आडवी पडली, दगडफेक झाली, जाळपोळ झाली. २० डिसेंबरला मडगावात फ्लोरिआनो वाझ हा तरुण पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्या दिवसांत एकूण सात जण गेले. पुढे अवघ्या दीड महिन्यात, ४ फेब्रुवारी १९८७ रोजी, राजभाषा कायदा संमत झाला : देवनागरी लिपीतली कोकणी ही राजभाषा, आणि सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामांसाठी मराठीचाही वापर. ३० मे १९८७ ला गोवा देशाचे पंचविसावे राज्य झाले. एवढे तर स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतही सापडते, फक्त त्यातले ‘सात जण’ तेवढे सापडत नाहीत.

आता माझ्या घरातले. २० डिसेंबर १९८६ हा शनिवार होता. आदल्या दिवशी गोवामुक्तीला पंचवीस वर्षे पूर्ण झाली होती, आणि रौप्यमहोत्सव म्हणजे काय हे बाबांनी मला पाटीवर गणित मांडून समजावले होते. मी अकरा वर्षांची होते. त्या सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, आला नाही, ही मला आठवणारी पहिली गोष्ट. सायकलच्या भोंग्याचा आवाज न येणारी सकाळ मडगावात कशी वाटते हे मडगावकरांना सांगायला नको. बाबांना रोजनिशी लिहायची सवय होती, आणि ती बहुतेक दुधाचा हिशेब, पाऊस आणि शाळेची हजेरी यांनीच भरलेली असे. त्या दिवसाची नोंद अशी आहे : ‘शाळा नाही. दूध नाही. गोगळचा एक मुलगा गोळीने गेल्याचे ऐकले. फार वाईट. शेजारून पाव आले.’

शेजारून म्हणजे आमच्या परसाला लागून असलेल्या ख्रिस्ती घरातून. तिथे एक वयस्क विधवा बाई राहायच्या, आम्ही मुले त्यांना मांय म्हणायचो. त्यांचा पुतण्या कोकणीच्या आंदोलनात होता आणि आमचे बाबा मराठीच्या सभांना जायचे, हे दोन्ही घरांना ठाऊक होते आणि त्यावरून परसातल्या तारेवर चाललेले थट्टेखोर भांडण हा आमचा नेहमीचा करमणुकीचा भाग होता. त्या आठवड्यात बाबांच्या शाळेच्या मराठी फलकाला कोणीतरी डांबर फासले. दोन दिवसांनी संध्याकाळी आमच्या भागातली नसलेली काही मुले ‘मास्तराचें घर खंयचें’ असे विचारत वाड्यात आली. मांय दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘मास्तर हांगा रावना,’’ म्हणजे मास्तर इथे राहत नाही. मुले पुढे गेली. आम्ही चौघे त्या वेळी मांयच्याच मागच्या खोलीत, तांदळाच्या डब्यांना टेकून बसलो होतो.

हे मी अनेकदा सांगितले आहे, आणि ऐकणाऱ्यांना ते आवडतेही, कारण त्यात आम्ही सोसणारे आहोत. दुसरी गोष्ट मी आजवर कुठे सांगितलेली नाही. त्याच आठवड्यात फोंड्याकडच्या एका गावात माझ्या सख्ख्या मामाने आणखी काही जणांबरोबर एका ख्रिस्ती पोदेराच्या भट्टीवर दगडफेक केली होती. त्या पोदेराचा कोकणीच्या आंदोलनाशी काही संबंध होता की नव्हता, हे मामालाही माहीत नव्हते. पुढे कितीतरी वर्षे आमच्या घरी जेवणावळीत तो हा किस्सा हसत सांगायचा, कौले कशी फुटली त्याचा आवाज काढून दाखवायचा, आणि आम्ही हसायचो. मीही हसले आहे. सत्तरी ओलांडल्यावर एकदा त्याने तो मला एकटीला सांगितला तेव्हा आवाज काढला नाही. पोदेर गाव सोडून गेला, एवढेच म्हणाला. एका घरात पाव शेजारच्या ख्रिस्ती बाईने पुरवले आणि त्याच घरच्या मुलाने दुसरीकडे भट्टी फोडली. या दोन गोष्टी एकाच कुटुंबाच्या आहेत, आणि आपण फक्त पहिली सांगतो. माझी आपल्याविषयीची पहिली तक्रार हीच आहे.

आपल्या गौरवग्रंथांत, स्मरणिकांत, सत्कारांच्या भाषणांत १९८६ येते ते आपल्यावर झालेल्या अन्यायाचे वर्ष म्हणून. मराठीवर अन्याय झाला की नाही, याची चर्चा जरूर व्हावी. माझ्या मते कायद्यातल्या त्या ‘मराठीचाही’ शब्दाला गेल्या चार दशकांत प्रत्यक्ष कारभारात जेवढे वजन मिळायला हवे होते तेवढे मिळाले नाही. पण सासष्टीत, म्हणजे आमच्या मडगावच्या तालुक्यात, मराठी मास्तरांची घरे भ्याली होती हे सांगताना फोंडा, डिचोली, पेडणे भागांत कोकणीची बाजू घेणारी घरेही भ्याली असतील, हे आपल्या एकाही वक्त्याने व्यासपीठावरून म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. कोण किती भ्याले याचा ताळेबंद मला मांडायचा नाही. ज्या घरांना आपल्या बाजूच्या माणसांनी भिववले, त्यांच्याविषयी बोलण्याचे पहिले काम आपले होते, आणि ते आपण केले नाही.

दुसरी तक्रार त्या ‘त्यांचे’ या शब्दाची. गेलेल्यांपैकी बहुतेक जण ख्रिस्ती घरांतले होते, एवढ्यावरून ते ‘त्यांचे’ झाले. मग हळूहळू सगळ्या वादाचेच भाषांतर धर्मात झाले : मराठी म्हणजे हिंदू, कोकणी म्हणजे ख्रिस्ती. यापेक्षा खोटे विधान गोव्याच्या इतिहासाविषयी करता येणे कठीण आहे, आणि ते खोटे आहे हे आपल्याइतके कोणालाच माहीत नाही. कोकणीच्या आंदोलनाचे नेतृत्व करणारे पुंडलीक नायक कोण होते? मडगावचे आमदार म्हणून त्या विधानसभेत बसलेले उदय भेंब्रे कोण होते? ज्या बाकीबाब बोरकरांच्या कविता आपण प्रत्येक संमेलनात म्हणतो, ते दोन्ही भाषांतून लिहीत राहिले आणि जनमत कौलाच्या वेळी विलीनीकरणाच्या विरोधात उभे राहिले. लक्ष्मणराव सरदेसायांसारखा मराठी कथाकार कोकणीतही तितक्याच अधिकाराने लिहीत होता. आणि विलीनीकरणाविरुद्धची सर्वांत तिखट मोहीम कोणत्या भाषेत चालली होती? मराठीत. मडगावातून निघणाऱ्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात, उदय भेंब्रे यांच्या ‘ब्रह्मास्त्र’ या सदरातून. म्हणजे मराठी वाचणाऱ्या लोकांना मराठीतच पटवून देऊन गोवा वेगळा ठेवला गेला. ही गोष्ट आपल्याला गैरसोयीची वाटत असेल, पण गोव्यात मराठी किती खोल रुजलेली आहे याचा यापेक्षा चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

इथे एक गोष्ट आणखी बोलायला हवी, कारण ती आपण हिशेबात धरतच नाही. ज्या ख्रिस्ती वाड्यांतून ते तरुण रस्त्यावर आले, तिथे कोकणी पिढ्यान्पिढ्या रोमी लिपीत लिहिली आणि वाचली जात होती. त्यांची प्रार्थना रोमीत, तियात्रांची, म्हणजे कोकणी नाटकांची, गाणी रोमीत, साप्ताहिके रोमीत. कायद्याने मान्यता दिली ती देवनागरी कोकणीला. आमच्या मांयना मरेपर्यंत देवनागरी वाचता आली नाही. ज्या भाषेसाठी त्यांचा पुतण्या दोन रात्री पोलीस कोठडीत बसला, त्या भाषेतला सरकारी कागद त्या माझ्याकडून वाचून घ्यायच्या, मराठी मास्तराच्या मुलीकडून. यात जिंकले कोण आणि हरले कोण, हे मला अजून नीट सांगता आलेले नाही.

तिसरी तक्रार शब्दांची आहे, आणि ती किरकोळ समजू नये. आपण त्या दिवसांना ‘दंगल’ म्हणतो, कोकणीवादी मंडळी ‘आंदोलन’ म्हणतात. दंगल म्हटले की मेलेले दंगेखोर ठरतात आणि त्यांच्यासाठी उभे राहण्याचा प्रश्न मिटतो. आंदोलन म्हटले की जाळपोळ आणि दगडफेक दिसेनाशी होते आणि भ्यालेल्या घरांचा प्रश्न मिटतो. दोन्ही शब्दांनी आपापल्या बाजूची सोय पाहिली आहे. या पत्रात मी ‘हिंसाचार’ आणि ‘संघर्ष’ हे शब्द वापरले आहेत. तेही पुरेसे आहेत असे नाही. पण निदान स्मरणिकेत एक परिच्छेद लिहिताना कोणता शब्द का निवडला, याचा विचार संपादकांनी करावा अशी अपेक्षा आहे.

चौथी तक्रार कागदपत्रांची. दोन वर्षांपूर्वी मला त्या महिन्याचे अंक पाहायचे होते म्हणून मी एका जुन्या वाचनालयात गेले. नोव्हेंबर १९८६ ची फाईल होती, जानेवारी १९८७ ची होती, मधला महिना नव्हता. वाळवीने खाल्ला, कोणी वाचायला नेला तो परत आणला नाही, की आणखी काही झाले, हे तिथल्या कोणाला सांगता आले नाही. मराठी राजभाषा समितीच्या सभांची इतिवृत्ते, पत्रके, पावतीपुस्तके, मोर्चांची छायाचित्रे, तारा, पत्रव्यवहार हे सगळे आपल्यापैकीच कोणाकोणाच्या कपाटांत, पोटमाळ्यांवर आहे. गोव्यातल्या पावसाळ्यात कागद किती टिकतो हे आपण जाणता. ज्येष्ठ एकेक करून जात आहेत, आणि त्यांच्या मागे मुले घर विकायला काढतात तेव्हा सर्वांत आधी रद्दीवाल्याकडे जाते ते हेच. मी स्वतः एका दिवंगत कार्यकर्त्याच्या घरून दोन गोणी पत्रके रद्दीच्या गाडीत चढताना पाहिली आहेत. त्यांतले एक पत्रक मी उचलून आणले, बाकीचे गेले.

पाचवी गोष्ट तक्रार आहे की आश्चर्य, हे मला ठरवता येत नाही. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला तेव्हा भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या व्यासपीठावर शशिकलाताई काकोडकर, उदय भेंब्रे आणि पुंडलीक नायक एकत्र बसले. पंचवीस वर्षांपूर्वी ज्यांच्या सभा समोरासमोर उभ्या राहिल्या होत्या ती माणसे एका टेबलाशी बसून दोन्ही भाषांच्या शाळांसाठी लढत होती. मी ती सभा ऐकायला गेले होते. भाषणे चांगली झाली. पण १९८६ मध्ये आपण एकमेकांशी कसे वागलो याविषयी त्या संध्याकाळी कोणी एक वाक्यही बोलले नाही. शत्रू समोर असला की जुने विसरायचे, ही रीत मला कळते. पण विसरणे आणि मिटवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इतकी मोठी माणसे एकत्र आलेली असताना मिटवण्याची ती संधी हातची गेली याची मला अजूनही हळहळ वाटते.

आपल्याकडून वारंवार ऐकू येणारे उत्तर मला माहीत आहे : जुन्या जखमा कशाला उकरायच्या? मडगाव हे शहर आठवणींच्या बाबतीत इतके नाजूक आहे असे मला वाटत नाही. १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी ज्या मैदानावर पोर्तुगीज सत्तेला आव्हान दिले, तिथे आपण दर वर्षी क्रांतिदिनाला हार घालतो. १६ जानेवारीला अलीकडे अस्मिता दिवस साजरा होतो. १९ डिसेंबरला तर सगळे राज्य झेंडावंदन करते. मग नेमका दुसऱ्याच दिवशी, २० डिसेंबरला, आपल्या स्मरणशक्तीला काय होते? ज्या दिवशी परके आपल्यावर चालून आले तो दिवस आठवणे सोपे असते. जेव्हा आपणच आपल्यांवर चालून गेलो, तो दिवस आठवायला कोणी तरी पहिल्यांदा उठावे लागते. मराठी संस्थांनी आधी उठावे असे मी म्हणते, कारण मी मराठी संस्थेची सभासद आहे. कोकणी संस्थांना काय सांगायचे ते त्यांच्या सभासदांनी सांगावे. त्यांच्याकडेही सांगण्यासारखे काही असणार.

शिवाय हा विषय आज निव्वळ जुना राहिलेला नाही. राजभाषेचा प्रश्न अलीकडे पुन्हा सभांतून ऐकू येऊ लागला आहे, तरुण मुले मोबाइलवर एकमेकांना जी वाक्ये पाठवतात त्यांत ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ यांची रेलचेल आहे. मराठीची मागणी करू नका असे मी म्हणणार नाही, मी स्वतः ती करते. पण ज्या व्यासपीठावरून ती मागणी होईल, त्याला मागच्या वेळी काय घडले याची माहिती असावी, आणि ती माहिती तरुणांना देणारी माणसे आज आपल्यातच बसलेली आहेत. त्यांनी तोंड उघडले नाही तर मुलांना माहिती कुठून मिळणार, हे सांगायला नको.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. त्यांना खर्च जवळजवळ काही नाही.

गोव्यातल्या प्रत्येक मराठी संस्थेने दर वर्षी २० डिसेंबरला किंवा त्या आठवड्यातल्या आपल्या कार्यक्रमात, डिसेंबर १९८६ मध्ये जीव गमावलेल्या सातही जणांची नावे उच्चारावीत आणि दोन मिनिटे उभे राहावे. नावे नीट, त्यांच्या घरच्या उच्चाराप्रमाणे घ्यावीत. त्यासाठी आधी त्यांच्या घरी जाऊन विचारावे लागेल, आणि ते जाणे हाच मला या मागणीतला महत्त्वाचा भाग वाटतो. त्यांना हुतात्मा म्हणावे की नाही यावर आपल्यात मतभेद असतील तर म्हणू नये, पण नावे घ्यावीत.

चळवळीत प्रत्यक्ष भाग घेतलेल्या, आज हयात असलेल्या सर्व ज्येष्ठांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि त्यांत आपल्या बाजूचे म्हणवणारे आणि समोरच्या बाजूचे दोघेही असावेत. बोलणाऱ्याने त्याला सोयीच्या भाषेत बोलावे. माझ्या मामासारख्या माणसांना नाव न देता बोलता येईल अशी सोय ठेवावी. त्यांचे बोलणे पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल, कारण दगड त्यांच्या हातात होते. हे काम या वर्षी सुरू झाले नाही तर पुढच्या वर्षी मुलाखत द्यायला माणसे कमी असतील.

आपल्याकडची पत्रके, इतिवृत्ते, छायाचित्रे, रोजनिश्या कोणतीही अट न घालता पणजीच्या पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे किंवा पुराभिलेख खात्याकडे सोपवाव्यात, किंवा निदान त्यांच्या प्रती तिथे द्याव्यात. त्याचबरोबर सर्व मराठी संस्थांनी मिळून सरकारकडे लेखी मागणी करावी, की गोळीबाराचे आदेश, पोलीस नोंदी, संचारबंदीचे हुकूम आणि नुकसानीचे पंचनामे यांपैकी जे काही सरकारदरबारी शिल्लक आहे ते अभ्यासकांना पाहण्यासाठी खुले करावे. कोकणी संस्था या मागणीवर सही करणार असतील तर त्यांची सही वर आणि आपली खाली असली तरी माझी हरकत नाही.

आणि शेवटची मागणी वक्त्यांकडे. राजभाषेच्या कोणत्याही सभेत, भाषेच्या नावाने एखाद्या धर्माच्या लोकांना बोलले गेले तर सभेच्या अध्यक्षांनी तिथल्या तिथे, ध्वनिक्षेपकावरच, वक्त्याला थांबवावे. नंतर खासगीत समज देणे पुरेसे नाही.

या मागण्यांना आपण खुल्या पत्रानेच उत्तर द्यावे, अशी विनंती आहे. नकार असेल तर तोही कारणांसह जाहीर करावा. ‘विषय संवेदनशील आहे’ हे कारण मी एकदा वाचले आहे. दुसरे असेल तर वाचायला आवडेल.

बाबा आज नाहीत, मांयही नाहीत. तारेच्या पलीकडचे घर आता तो पुतण्या सांभाळतो, त्याचे केस पिकले आहेत, आणि आमचे थट्टेखोर भांडण चालू आहे. हे पत्र पाठवण्यापूर्वी मी त्याला वाचून दाखवले. मामाच्या भट्टीच्या गोष्टीपाशी तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला की शाळेच्या फलकाला डांबर कोणी फासले ते त्याला ठाऊक आहे, आणि ते त्याला सांगायचे आहे, पण माझ्या ओटीवर नाही, लोकांसमोर.

तेव्हा येत्या २० डिसेंबरला एखाद्या संस्थेने आपले सभागृह दिले तर आम्ही दोघे तिथे येऊ. न दिले तर संध्याकाळी साडेपाच वाजता लोहिया मैदानावर येऊ. बाबांची रोजनिशी मी बरोबर आणीन, आणि मामाने यायचे कबूल केले आहे.

आपली नम्र,
मडगावची एक मराठी सभासद